मीटरच्या आधी पाणी

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या पाण्याच्या मीटरवरून जुंपली आहे. कराडपासून तासाभरावरचं हे तालुक्याचं गाव. आजवर अर्ध्या इंची नळाला वर्षाची ठोक पाणीपट्टी. वापर कितीही असो. आता मीटर बसवायचं घाटतंय. एक गट म्हणतो, गरिबाच्या घशातलं पाणीही विकणार. दुसरा म्हणतो, मोजल्याशिवाय उधळपट्टी थांबायची नाही. मी बारा वर्षं सिंगापुरात राहतेय, मीटरचंच पाणी पितेय आणि माझं मत मीटरच्या बाजूचं आहे. पण एका अटीवर.

इथलं गेल्या महिन्याचं बिल समोर आहे. आम्ही तिघं, वापर १३ घनमीटर, म्हणजे १३,००० लिटर. घनमीटरला ३.२४ सिंगापूर डॉलर, म्हणजे ४२ डॉलर, वर जीएसटी. शेजारपाजारच्या घरांची सरासरी किती आणि आमचा वापर किती, तेही बिलावर दाखवलेलं असतं. एकदा आम्ही सरासरीच्या बरेच वर गेलो, तेव्हापासून तांदळाचं धुवण कुंड्यांना जातं.

या ३.२४ डॉलरमध्ये नुसता पाण्याचा दर नाही. १९९१ पासून चालत आलेला जलसंवर्धन कर त्यात आहे आणि सांडपाणी शुद्ध करण्याचा आकारही आहे. मलेशियातल्या जोहोरमधून १९६२ च्या कराराप्रमाणे दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत कच्चं पाणी मिळतं, तेही हजार गॅलनला ३ सेन (मलेशियाचे पैसे) इतक्या कवडीमोल दराने. तो करार २०६१ मध्ये संपतो. म्हणून पीयूबी, म्हणजे इथली सरकारी पाणीसंस्था, दर ठरवताना या स्वस्त पाण्याकडे बघत नाही. उद्या जास्तीचं पाणी लागलं तर ते समुद्राचं पाणी गोडं करून किंवा सांडपाणी पुन्हा शुद्ध करूनच मिळणार. त्याला जो खर्च येईल तो धरून दर लावते.

हे सगळं लोकांनी गुमान मान्य केलं असं नाही. २०१७ मध्ये ३० टक्के दरवाढ जाहीर झाली तेव्हा लोक चांगलेच चिडले. आदल्या वर्षी जोहोरचं लिंग्यू धरण २० टक्क्यांवर आलं होतं, कारण खरं होतं. पण २००० पासून दर हललेच नव्हते. इतकी वर्षं गप्प बसून एकदम बोजा टाकणं मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. एक मात्र केलं: सरकारी घरांत राहणाऱ्यांना बिलात सूट वाढवून दिली, आणि घर जितकं लहान तितकी सूट जास्त.

पण माझा मुद्दा दराचा नाहीच. बारा वर्षांत माझा नळ एकदाही कोरडा गेलेला नाही. माझ्या घरात पाणी भरून ठेवायला पिंप नाही.

गावी आईकडे एक दिवसाआड पहाटे तासभर पाणी येतं. नळ आला की ती आधी उरलेलं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतते, मग पिंप, हंडे, कळश्या घासून ताजं भरते. उधळपट्टी म्हणायची तर ही. पण तिला कुणी उधळी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. पुढचं पाणी कधी, याचा भरवसा नसला की माणूस लागेल तेवढं भरतोच, आणि वर चार हंडे जास्तच. अशा नळाला मीटर लावलं तर पाण्याआधी पाइपातली हवा सुटते आणि काटा हवेवरही फिरतो. लोकांचा मीटरवरचा राग उगाच नाही. आणि उन्हाळ्यात वरच्या आळीतली माणसं टँकरचे जे पैसे मोजतात, ते ठोक पाणीपट्टीच्या हिशोबात कुणी धरतच नाही.

हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. कराडला खेटून असलेल्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिलं, मीटर लावले आणि वापर वाढेल तसा चढता दर ठेवला. त्यासाठी सिंगापूरला यायची गरज नाही; आमच्या नगरसेवकांना एसटीने सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल.

तेव्हा ग्रुपवर मी एवढंच मागितलंय. आधी एक वॉर्ड निवडा, तिथल्या गळत्या काढा, चोवीस तास पाणी सोडा. मीटर बसवा, पण पहिलं वर्षभर बिल नुसतं दाखवा, वसूल करू नका. रोजच्या गरजेपुरतं पाणी स्वस्त ठेवा, त्यावरच्या पाण्याला दर चढवा. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, “वर्षभर नळाला पाणी राहिलेलं मला दिसू दे, मग पिंप मी स्वतः भंगारात देते.”