उंदरांवर यश मिळालं म्हणजे टीबीची लस तयार झाली असं नाही

व्हॉट्सअॅपवर फिरणारा दावा थोडक्यात असा: "टीबीवर प्रथिनापासून बनवलेली लस कधीच सापडली आहे. उंदरांवर सिद्धही झाली. पण औषध कंपन्यांनी ती दाबून ठेवली. तिच्यात टीबीचेच जंतू असतात आणि ती निम्मीच चालते, म्हणजे कुचकामी." जगातले सुमारे एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत. म्हणून हा दावा नुसता डिलीट करून भागणार नाही.

जंतूंचं आधी सांगते. या लशीसाठी रिकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या जिवाकडून तयार करून घेतलेलं, प्रथिन बनवताना टीबीच्या जंतूतलं एखादंच जनुक बहुधा ई. कोलाय या जिवाणूत घालतात. तो ते प्रथिन तयार करतो आणि मग ते शुद्ध करून वेगळं काढतात. टीबीचा जिवंत जंतू त्यात येतच नाही, त्यामुळे या लशीने टीबी होणं शक्य नाही. आपल्या बाळांना दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लसही अशीच, यीस्टकडून बनवून घेतलेल्या प्रथिनाची असते. जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो तो बीसीजी या टीबीच्या जुन्या लशीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची व्हीपीएम 1002 हीसुद्धा जनुकीय बदल केलेली बीसीजीच आहे, प्रथिनाची लस नव्हे. फॉरवर्डमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते.

"उंदरांवर सिद्ध झाली" हे वाक्य सर्वांत फसवं आहे. उंदराला लस टोचतात, काही आठवड्यांनी हवेतून टीबीचा संसर्ग देतात आणि पुढे त्याच्या फुप्फुसात किती जंतू उरले ते मोजतात. हा जंतू इतका सावकाश वाढतो की प्रयोगशाळेतल्या ताटलीत त्याच्या वसाहती, म्हणजे पुंजके, मोजण्याजोग्या व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. त्यातही खाचाखोचा आहेत. ई. कोलायमधलं विषारी एंडोटॉक्सिन प्रथिनात थोडंही राहिलं, तर प्रतिकारशक्ती त्यानेच चेतवली जाते आणि श्रेय प्रथिनाला मिळतं. नुसतं प्रथिन अंगाला फारसं जागवत नाही, म्हणून सोबत अॅडज्युव्हंट, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारं पूरक द्रव्य, द्यावं लागतं. मग नुसतं अॅडज्युव्हंट दिलेल्या उंदरांचा वेगळा गटही ठेवावा लागतो.

एवढं सगळं काटेकोर जमलं तरी उंदीर माणूस नाही. माणसाच्या फुप्फुसात टीबीने पोकळ्या पडतात, प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांत तसं सहसा होत नाही. बीसीजी उंदरांमधले जंतू चांगले कमी करते. पण तमिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 मध्ये सुरू झालेल्या, अडीच लाखांहून जास्त लोकांच्या चाचणीत 15 वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही तिने मोठ्या माणसांना फुप्फुसाच्या टीबीपासून संरक्षण दिल्याचं दिसलं नाही. एमव्हीए85ए ही लस टीबीचं एक प्रथिन विषाणूवाटे शरीरात पोचवते. प्राण्यांवरून तिच्याबद्दल मोठी आशा होती. 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 2,800 बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला, आणि ठोस संरक्षण दिसलं नाही.

मग माणसांवरची चाचणी इतकी लांबते का? जंतू अंगात असलेल्यांपैकी थोडेच लोक आजारी पडतात. शिवाय लस चालेल की नाही हे आधीच सांगणारी खात्रीची रक्ततपासणी अजून नाही. एम72/एएस01ई या लशीत टीबीची दोन प्रथिनं जोडलेली आहेत. केनिया, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत जंतूंचा संसर्ग झालेल्या पण आजारी नसलेल्या 3,575 प्रौढांवर तिची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. तीन वर्षांत फुप्फुसाच्या टीबीचे खात्रीचे रुग्ण मोजले, तर लस घेतलेल्यांत 13 आणि न घेतलेल्यांत 26. म्हणजे परिणामकारकता 49.7 टक्के.

यालाच "निम्मी, म्हणून कुचकामी" म्हटलं जातं. हे मला अजिबात पटत नाही. 2023 मध्ये जगात साडेबारा लाख माणसं टीबीने गेली. निम्मं संरक्षणही असंख्य घरं वाचवेल. शंका वेगळ्याच कारणाने घ्यायला हवी. एकूण रुग्ण फक्त 39, त्यामुळे खरा आकडा 2 टक्क्यांपासून 74 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. एवढ्यावर कोट्यवधी लोकांना लस टोचता येत नाही. म्हणूनच मार्च 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून चाचणीचा तिसरा टप्पा सुरू झाला, कमाल 20,000 लोकांसाठी.

कंपन्यांवरच्या आरोपात मात्र एक सल खरा आहे. दुसऱ्या टप्प्याचा पहिला निकाल 2018 मध्ये छापून आला आणि तिसरा टप्पा सुरू व्हायला 2024 उजाडलं. ही लस विकसित करणाऱ्या जीएसके या औषध कंपनीने 2020 मध्ये तिच्या पुढच्या विकासाचं काम गेट्स मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटकडे सोपवलं, आणि तिसऱ्या टप्प्याचा पैसा गेट्स फाउंडेशन व वेलकम या देणगी देणाऱ्या संस्थांनी दिला. गरिबांच्या रोगात नफा दिसत नाही म्हणून असा उशीर होतो आणि त्यावर संतापायलाच हवं. पण लस दाबून ठेवली होती म्हणावं, तर तिचे निकाल सगळ्यांना वाचता येतील असे छापलेले आहेत.

हा मेसेज वाचून कुणी चालू गोळ्या सोडू नयेत. एम72 आजार टाळता येतो का हे पाहण्यासाठी आहे, झालेला टीबी बरा करण्यासाठी नाही. एच56:आयसी31 ही दुसरी प्रथिनाची लस उपचार पूर्ण केलेल्यांना देऊन पाहिली, तेव्हा टीबी उलटण्याचं प्रमाण तिने कमी झालं नाही. गोळ्यांचा कोर्स डॉक्टर सांगतील तितके महिने पुराच करावा लागतो.