‘उपग्रहाने दाखवलं, विषय संपला’ म्हणणाऱ्या वाचकांना

पश्चिम घाटातला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग ठरवताना मूल्यंही येतात, असं मी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेतली चूक दाखवणारी ओळ आधी मान्य करतो. हा भाग ठरवणाऱ्या कस्तुरीरंगन समितीचा अहवाल एप्रिल 2013 चा, मी 2012 लिहिलं होतं. समिती 2012 मध्ये नेमली गेली, तिथे माझी गफलत झाली. दुरुस्त केलंय. आभार.

पण ‘अर्धवट माहितीवरची विद्वत्ता’, ‘कार्यकर्त्यांचा कांगावा’ हे कशासाठी? असहमती एवढ्या उर्मटपणाशिवायही लिहिता येते. नकाशांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, शिकवणी नको.

तुमचं मूळ वाक्य असं: ‘उपग्रहाने 37 टक्के दाखवले, यात मूल्यं कुठे आली?’

घाटाचा 37 टक्के भाग संवेदनशील आहे, हे उपग्रहाने दाखवलेलं नाही. त्याने सुमारे 24 मीटरचे चौकोन आणि त्यांतून परावर्तित होणारा प्रकाश दाखवला. पुढचं सगळं माणसांनी ठरवलं. कस्तुरीरंगन समितीने पश्चिम घाटाची हद्द 1,64,280 चौ. किमी धरली, त्याआधीच्या गाडगीळ समितीने 1,29,037 धरली होती. छेद बदलला की टक्के बदलतात. मग जैवविविधता जास्त, जंगलाचे तुकडे कमी आणि लोकवस्ती चौ. किमीला 100 पेक्षा कमी, अशी चाळणी लावली. ही 100 ची रेघ कुठल्या उपग्रहावरून दिसते?

पुढची पायरी तर आणखी उघड आहे. ज्या गावाचं 20 टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील, ते अख्खं गाव यादीत. 1000 हेक्टरच्या गावात 200 हेक्टर भरले तर गाव आत, शेजारच्या तेवढ्याच गावात 190 भरले तर बाहेर. खाणी वगैरेंवरची बंदी महसुली गावावर लागू करायची म्हणून हे एकक घेतलं. कारण प्रशासनाच्या सोयीचं आहे आणि ते रास्तही असेल, पण ते निसर्गातून आलेलं नाही. रेघ 10 वर ओढली तर खाणवाले ओरडतील, 40 वर ओढली तर जंगल सुटेल. कोणती चूक परवडते, हे ठरवणं म्हणजेच मूल्य.

मी गाडगिळांचा भक्त आहे, हा तुमचा शोधही चुकीचा. त्यांनी सुमारे 9 किमीच्या चौकटी पाडल्या, प्रत्येक निकषाला 1 ते 10 गुण दिले आणि सरासरी काढली. सरासरी म्हणजे सगळ्या निकषांना समान वजन, हीसुद्धा निवडच. निकषांत जंगलाची टक्केवारी होती. कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, झाडंच नसतात, त्या रकान्यात त्याला गुण कुठून मिळणार? कासचा सडा उंचीच्या निकषावर सावरतो, कोकणातल्या सखल सड्याला तोही आधार नाही. शिवाय संरक्षित क्षेत्र आणि पहिला, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांचा, झोन मिळून 60 टक्क्यांच्या आसपास ठेवायचे, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मात्र तसं अहवालात उघड लिहिलंय, म्हणून त्यावर भांडता येतं.

बाकीचे मुद्दे, म्हणजे परदेशी निधी वगैरे, त्यांत मी पडत नाही.

20 हाच आकडा का, 15 किंवा 25 का नाही, याचं निसर्गातलं कारण तुमच्याकडे असेल तर खाली लिहा. विशेषणं नकोत.