तांबं म्हणून ॲल्युमिनियमची बॅटरी केबल गळ्यात मारणाऱ्यांनो, थोडी तरी लाज बाळगा

वाशी मार्केटमधून पहाटे साडेतीनला भाजी भरली, दादरला टाकायची होती. मानखुर्दला पाच मिनिटं चहाला थांबलो आणि गाडी तिथंच आडवी झाली. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, मारला की नुसतं टक. परत टक. माझी टाटा ४०७ जुनी आहे, मान्य. पण बॅटरी तीन महिन्यांपूर्वीची आहे हो! चार जणांनी धक्का मारला तेव्हा इंजिन उठलं. दादरला पोचेपर्यंत बाजार अर्धा झाला होता, व्यापाऱ्याने भाड्यातले पाचशे कापले.

ती नवी बॅटरी तरी का घेतली? कारण तेव्हाही हाच रोग होता आणि इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, बॅटरी गेली." घेतली. महिन्याभराने म्हणाला, "सेल्फ खोलावा लागेल." खोलला, ब्रश बदलले, पैसे दिले. बॅटरीपासून सेल्फला जाणाऱ्या केबलला हात लावायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. टर्मिनलवर मोरचुदासारखा हिरवानिळा थर चढलाय, इन्सुलेशन फुगलंय, आतली तार काळी पडलीय, हे उघड्या डोळ्यांना दिसतं! डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअर सहज ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथंच जळतात. बॅटरीच्या बारा व्होल्टांतले दोन गेल्यावर सेल्फने काय फिरायचं? व्होल्ट मोजायच्या मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर ठेवा, सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की केबल बघायची. दोन मिनिटांचं काम. माझ्या गाडीत १.८ आला, आणि तोही मीच घरचा मीटर आणून बघितला.

बरं, केबल बदलली. खरा संताप तर पुढे आहे.

कुर्ल्याच्या एका दुकानातून "प्युअर कॉपर, शेठ" म्हणून जोडी आणली. छान जाड, लाल-काळी. एक पावसाळा गेला नाही तोच पुन्हा टक! थिंबलजवळ, म्हणजे केबलच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या धातूच्या टोपणाजवळ, ब्लेडने तार खरवडली, तर आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा! ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच करंट वाहून नेतं, म्हणजे तेवढ्याच जाडीत काम कमी. त्यात आपली मुंबई. खारी हवा, पाण्यात उभी राहणारी गाडी. दोन धातू एकत्र आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियम सडलंच. थिंबल तर हातोडीने ठोकून चपटं केलेलं, धड दाबलेलंही नाही. केबल हातात घेतली तेव्हाच हलकी लागली होती, तेव्हाच फेकून मारायला हवी होती. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं.

परत गेलो तर म्हणे, "बिल आहे का?" बिल तूच दिलं नव्हतंस ना रे! "लोकल माल असाच असतो." मग तोंडाने प्युअर कॉपर कशाला बोललास? ह्या गाडीवर दोन घरं चालतात, माझं आणि ड्रायव्हरचं. ही केबल फ्लायओव्हरवर तापून पेटली असती तर कोणाच्या दारात गेलो असतो?

शेवटी लोहार चाळीतून पन्नास चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल मीटरच्या मापाने लांबी मोजून कापून घेतली. आधी टोक खरवडून बघितलं, मग पैसे काढले. थिंबल हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतले. इंजिन ते चासीची अर्थिंगची पट्टीही बदलली, कारण तिच्याकडे कोणी बघतच नाही आणि निम्मा रोग तिथंच असतो. बॅटरीची केबल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, हे त्या इलेक्ट्रिशियनच्या पोराला मला शिकवावं लागलं. आता अर्ध्या चावीत गाडी उठते.

बॅटरी, ब्रश, नकली केबल, कापलेलं भाडं, मिळून पंधरा हजारांवर गेले. एका केबलपायी! ती पांढऱ्या पोटाची केबल मी टाकलेली नाही. केबिनमध्ये सीटमागे ठेवलीय. कुर्ल्याला माल उतरवायला गेलो की त्याच दुकानासमोर गाडी लावतो आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती खरवडून दाखवतो.