का विकता आणि कितीला विकता

पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या जागेचा वाद २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पेटला, तेव्हापासून ट्रस्टच्या जमिनी हा विषय घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आला आहे. झालं ते थोडक्यात असं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची, आवारात मंदिर असलेली मोक्याची जागा विश्वस्तांनी तीनशे कोटींहून जास्त रकमेला बिल्डरला विकायचं ठरवलं. सार्वजनिक ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांनी एप्रिलमध्ये परवानगी दिली. खरेदीखत झाल्याचं कळल्यावर विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि समाज रस्त्यावर उतरला. बिल्डरनं माघार घेतली आणि आयुक्तांनी आधी दिलेली परवानगी रद्द केली.

मी ज्या ग्रुपवर आहे तो तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाचा. मी तिथला आजीव सभासद. राहतो मात्र इंग्लंडमध्ये, बरीच वर्षं झाली. वाचनालयाची इमारत भर पेठेत आहे, छत गळतंय, आणि मागे मोकळा भूखंड आहे. तो विकून इमारत दुरुस्त करावी असा प्रस्ताव आला आणि ग्रुपचे दोन तट पडले. निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक काका म्हणाले, ट्रस्टची जमीन विकायला कायद्यानं सरसकट बंदीच घाला, म्हणजे कटकट मिटली. पुण्यात नोकरी करणारा एक तरुण सभासद म्हणाला, विश्वस्त काय लहान मुलं आहेत? आयुक्तांचं खातंच बंद करा, परदेशात कोण असल्या परवानग्या मागत बसतं? आणि मग दोघांनीही मला पुढे केलं: तुम्ही तिथे आहात, तुम्हीच सांगा.

सांगतो. पण दोघांपैकी कुणाचीच बाजू त्यानं बळकट होणार नाही.

आधी आपल्याकडचं. सार्वजनिक ट्रस्टला लागू होतो तो १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. जुनी मंडळी त्याला अजून ‘बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट’ म्हणतात. त्यातलं कलम ३६ सांगतं की ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. भाडेपट्ट्यालाही हवी: शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीनं द्यायची असेल तर, आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं द्यायची असेल तर. परवानगी लबाडीनं किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवली असेल तर आयुक्त ती मागे घेऊ शकतात आणि मिळकत परत मिळवण्यासाठी १८० दिवसांत पावलं उचला असा आदेश विश्वस्तांना देऊ शकतात. म्हणजे काका म्हणतात ती बंदी नाही आणि तरुण मित्राला वाटतं तसा नुसता शिक्काही नाही.

या परवानगीच्या अर्जात काय लिहायचं हे त्या कायद्याखालचा नियम २४ सांगतो, आणि मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ट्रस्टच्या घटनेत विक्रीबद्दल काही सूचना आहे का, विकण्याची गरज काय, आणि हा व्यवहार ट्रस्टच्या हिताचा कसा, हे अर्जदारानं सांगायचं असतं. किंमत नंतर येते. कायद्याचा पहिला प्रश्न आहे: का विकता?

आता इथलं. आमच्या भागात एक सामाजिक हॉल आहे. लग्नं, योगवर्ग, ज्येष्ठांचं दुपारचं जेवण, दिवाळीला आपलाही कार्यक्रम. तो एका चॅरिटीच्या मालकीचा आहे आणि मी तिचा एक विश्वस्त आहे. हॉलच्या मागच्या बाजूला जमिनीची एक अरुंद पट्टी होती, गवत वाढलेली, वापरात नसलेली. शेजारच्या घरमालकांपैकी दोघांनी ती मागितली. बैठकीत विषय निघाला तेव्हा नेहमीप्रमाणे कार्यक्रमपत्रिकेवर पहिलं कलम होतं: आजच्या विषयांत कुणाचे हितसंबंध आहेत का? आमच्यातल्या एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यातला एक घेणारा माझ्या बहिणीचा नवरा आहे. पर्स उचलली आणि खोलीबाहेर गेल्या. कुणी ‘अहो, बसा हो’ म्हटलं नाही, कुणाला त्यात अपमानही वाटला नाही.

आणि चर्चाही तिथेच थांबली. कारण इंग्लंड आणि वेल्सचा २०११चा चॅरिटीज ॲक्ट असं सांगतो की साधारण व्यवहाराला चॅरिटी कमिशनच्या (चॅरिटींवर देखरेख ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या) किंवा कोर्टाच्या आदेशाची गरज नाही, मात्र घेणारा जर ‘संबंधित व्यक्ती’ असेल तर आदेश लागतोच. विश्वस्ताचा भाऊ, बहीण, मुलं, आई-वडील, नातवंडं आणि या सगळ्यांचे जोडीदार त्यात येतात. मेहुणा त्यात बरोबर बसला. अखेर त्या गृहस्थांनीच हात आखडता घेतला आणि पट्टी दुसऱ्या शेजाऱ्याला गेली.

पण ती सहज गेली असं समजू नका. आम्हाला पात्र सर्व्हेयरकडून लेखी अहवाल घ्यावा लागला. (२०२२च्या दुरुस्तीनंतर आणखी काही व्यावसायिकांनाही असा अहवाल देता येतो.) जागेचं मूल्य किती, ती आहे तशी विकावी की आधी काही सुधारणा करून, जाहिरात कशी करावी, हे सगळं त्यात होतं. तो वाचून, मिळू शकणाऱ्या अटींत या अटी सर्वोत्तम आहेत याची खात्री विश्वस्तांनी स्वतः करायची आणि तसं कागदावर नोंदवायचं. पुढे काही वाकडं निघालं तर कमिशन विश्वस्तांना विचारणार, आणि कर्तव्यात कसूर झाली असेल तर नुकसान आमच्या खिशातूनही भरून घेतलं जाऊ शकतं. सात वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला तर तो अहवालही नको, जाणकाराचा सल्ला पुरतो. आपल्याकडे जिथे तीन वर्षांच्या वर परवानगी, तिथे इथे सात वर्षांपर्यंत नुसता सल्ला. तरुण मित्राला नेमकं हेच आवडेल, याची मला कल्पना आहे.

त्याला न आवडणारी गोष्ट पुढे आहे. ती पट्टी विकताना आम्ही इतकी बैठक घेतली, इतके कागद केले, पण ‘का विकता?’ हे कायद्यानं आम्हाला धडपणे विचारलं नाही. ट्रस्टच्या घटनेत विकायचा अधिकार आहे ना, चांगली किंमत मिळते ना, मग झालं. इथल्या कायद्याचा सगळा जीव ‘कितीला?’ यात आहे. म्हणून गावातला जुना हॉल किंवा मैदान विकायला निघालं, आणि स्थानिक लोकांनी वर्गणी काढून देऊ केलेली रक्कम बिल्डरपेक्षा कमी पडली, की विश्वस्त हात वर करून म्हणू शकतात, आमचं कर्तव्य सर्वोत्तम अटी मिळवण्याचं. चॅरिटीच्या उद्देशासाठी कमी किमतीत देण्याची वाट कायद्यात आहे, पण त्या वाटेनं जायला विश्वस्तांत धमक लागते आणि वकिलाची फी लागते.

तेव्हा इंग्लंडचा कायदा उचलून महाराष्ट्रात आणावा असं मी म्हणणार नाही. आपल्या कायद्याचा प्रश्न चांगला आहे. गोची आहे ती उत्तरात, कारण ते उत्तर विकणाऱ्यांनीच लिहायचं असतं.

कलम ३६चे अर्ज ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही भाषा पाठ असेल: ‘सदर इमारत जीर्ण झाली असून देखभालीचा खर्च ट्रस्टला परवडत नाही, सबब सदर मिळकतीची विक्री ट्रस्टच्या हिताची आहे.’ नाव आणि सर्व्हे नंबर बदलला की हे वाक्य कुठल्याही ट्रस्टला चालतं. सोबत विश्वस्तांचा ठराव, पीटीआरचा म्हणजे सार्वजनिक ट्रस्टांच्या नोंदवहीचा उतारा, मूल्यांकन अहवाल आणि निविदा मागवणाऱ्या जाहिरातीचं कात्रण. ती जाहिरात कुठल्या वृत्तपत्राच्या कुठल्या कोपऱ्यात आली होती हे पाहिलंत तर बरंच काही समजतं. वसतिगृहात राहणारा मुलगा, वाचनालयाचा सभासद, ज्यांच्या आजोबांनी जमीन दान दिली ते कुटुंब, यांना हे सगळं कळतं ते बहुधा पत्रे ठोकले जाऊ लागल्यावर.

न्यायालयांनी यात जमेल तितकं केलं आहे. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सैलेश डेव्हलपर्सच्या निकालात सांगितलं की आयुक्तांचं काम अर्जावर नुसतं हो किंवा नाही म्हणण्यापुरतं नाही. ट्रस्टचं हित, लाभ आणि संरक्षण पाहून जास्त चांगली बोली पुढे आली तर तिचाही विचार ते करू शकतात. चांगला निकाल. पण त्याचा परिणाम असा की सुनावणीतली लढाई बहुतेक वेळा दोन खरेदीदारांत होते: मी तुझ्यापेक्षा दोन कोटी जास्त देतो. म्हणजे फिरून आपणही ‘कितीला?’ याच प्रश्नाशी येतो. ‘का?’ विचारणारा माणूस त्या खोलीत क्वचितच असतो.

२०१७च्या दुरुस्तीनं आणखी एक वाट उघडली. परवानगी न घेता व्यवहार झाला असेल आणि ती नसल्यामुळे ट्रस्टची, पुष्कळ लोकांची किंवा प्रामाणिकपणे पैसे मोजून घेणाऱ्याची अडचण होत असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत मागाहून परवानगी देता येते. हेतू समजू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वी ट्रस्टच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायटीतल्या लोकांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. तरीही मला ही तरतूद डोळ्यांत सलते. पूर्वपरवानगीच्या कायद्यात मागच्या दारानं परवानगी मिळते हे एकदा माहीत झालं की पुढच्या दारानं कोण येईल?

इथे थोडं विषयांतर, पण परदेशातल्या मंडळींसाठी गरजेचं. आई-बाबांचं घर फॅमिली ट्रस्टमध्ये टाकूया असं हल्ली बरेच जण बोलतात. खासगी ट्रस्टला धर्मादाय आयुक्त लागू नाहीत. तिथे १८८२चा इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट. स्थावर मिळकतीचा ट्रस्ट मृत्युपत्रानं केला नसेल तर लेखी आणि नोंदणीकृत दस्तानं करावा लागतो. एकाहून जास्त विश्वस्त असतील तर दस्तात वेगळं म्हटलं नसल्यास सगळ्यांनी मिळूनच काम करायचं. आणि ज्यांना वाटतं की मी इथून भावाला मुखत्यारपत्र पाठवतो, तोच काय ते बघेल, त्यांनी कलम ४७ वाचावं. विश्वस्ताला आपली जबाबदारी दुसऱ्यावर सोपवता येत नाही, काही मोजके अपवाद सोडून. ठरलेल्या व्यवहारावर सही करायला मुखत्यार चालतो. विकायचं की नाही हे ठरवायला नाही. कलम ५२ प्रमाणे मिळकत विकण्याचं काम ज्या विश्वस्तावर आहे तो ती स्वतःसाठी विकतही घेऊ शकत नाही, आडून दुसऱ्याच्या नावानंही नाही. भावंडांच्या ट्रस्टमध्ये ‘मीच घेतो ना दादाचा हिस्सा’ म्हणणाऱ्यानं आधी वकील गाठावा.

परत मुद्द्यावर. मला हवं ते इतकंच: ‘का विकता?’ याचं उत्तर ज्यांच्यासाठी ट्रस्ट आहे त्यांच्यासमोर द्यावं लागलं पाहिजे, आणि तेही अर्ज करण्याआधी. विक्रीचा अर्ज, मूल्यांकन आणि ठराव यांची प्रत त्याच मिळकतीच्या दारावर लावा, तीस दिवस. वसतिगृह असेल तर मेसच्या भिंतीवर. धर्मादाय कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळकतीच्या पत्त्यानं शोधता येईल अशी टाका. आणि घेणाऱ्याशी कुठल्याही विश्वस्ताचं नातं वा धंद्याचा संबंध आहे का, याचं प्रत्येक विश्वस्ताच्या सहीचं प्रतिज्ञापत्र जोडा. संबंध निघाला तर त्या विश्वस्तानं ठरावात मत द्यायचं नाही. या एका बाबतीत मात्र इथलं जसंच्या तसं उचलायला माझी हरकत नाही.

ग्रुपवर हे लिहिल्यावर आमच्या अध्यक्षांनी जो आक्षेप घेतला तो दमदार होता. ते म्हणाले, नोटीस दारावर लावली की दुसऱ्या दिवशी धंदेवाईक हरकतदार उगवतो, त्याला वाचनालयाशी घेणंदेणं नसतं, त्याला पाकीट हवं असतं. खरं आहे. पण तो हरकतदार आजही येतोच, फक्त त्याला बातमी आतून मिळते आणि सभासदांना मिळत नाही. लेखी हरकत, ठरलेली मुदत, आणि मुदतीनंतर आलेल्या हरकतीला थारा नाही, इतकं केलं तर त्याचा भाव उतरतो. काही महिने जातील, चांगला खरेदीदार निघूनही जाईल, हेही मी मान्य करतो. वाचनालयाचं छत तेवढ्यात आणखी गळेल.

अध्यक्षांनी दुसरंही एक विचारलं: विकण्याऐवजी मागचा भूखंड अभ्यासिकेसाठी नऊ वर्षांच्या कराराने दिला तर? तीन वर्षांवर गेल्यामुळे परवानगी त्यालाही लागेल, पण निदान ‘का?’ याचं उत्तर सरळ देता येईल. छताच्या दुरुस्तीचा अंदाज अजून कुणी काढलेला नाही, असं त्याच चर्चेत बाहेर आलं. तो आधी मागवायचा ठरलं आहे. तोवर विक्रीचा ठराव सभेपुढे येणार नाही.