नुसता चुना

पान नको, सुपारी नको, तंबाखू नको. नुसता चुना. दोन महिन्यांत पाचव्यांदा मी ठाणे स्टेशनजवळच्या त्या टपरीवर उभा होतो आणि पानवाल्याच्या चेहऱ्यावर आता काळजी दिसायला लागली होती. "साब, इतना चूना खाते हो?" मी म्हटलं, "खाता नहीं, खिलाता हूँ." त्याने निमूटपणे पुडी बांधली आणि पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आमच्या हॉलमध्ये जिथे इतरांकडे शोकेस असते तिथे समुद्र आहे. दोनशे लिटरचा, काचेच्या टाकीतला. समुद्र करणं अवघड नाही, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ टाकलं की झाला. म्हणजे पहिल्याच दिवशी सात किलो मीठ. शिवाय ते स्वयंपाकघरातलं चालत नाही, बादलीतून येणारं खास चालतं. तेही आरओच्या पाण्यात. बायकोने तेव्हा विचारलं होतं, "अहो, खाडी इथून दहा मिनिटांवर. समुद्राच्या काठी राहून आपण मीठ कालवून समुद्र करायचा?" ठाण्याची खाडी ज्याने जवळून पाहिली आहे (आणि हुंगली आहे) त्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. पुढे पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवणारा चिलर आला आणि विजेचं बिल आलं, तेव्हापासून ती असले साधे प्रश्न विचारत नाही.

टाकीखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी असते, वरचं पाणी तिच्यातून गाळून पुन्हा वर जातं. तिला आम्ही हौशी लोक 'संप' म्हणतो. शनिवारी मी कपाटात डोकं घालून बसलो की फोनवर बायको सांगते, "ते संपात आहेत." माझी आई गिरणगावात वाढलेली. तिचा चेहरा दर शनिवारी थोडा उतरतो.

तर या समुद्रात मी प्रवाळ वाढवतो. मऊ जातीचे. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला बसलेत, त्यामुळे त्यांचं नावही काढायचं नाही. माझ्याकडे झोएंथिड आहेत. बटणाएवढी रंगीत तोंडं, गालिच्यासारखी पसरतात. पसरावीत अशी अपेक्षा असते. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला याच कुळातली मंडळी पसरलेली दिसतात, मुंबईने सोडलेलं सगळं पाणी पचवून टवटवीत. माझ्याकडे आरओ, चिलर, तीन रंगांचे दिवे, आणि आठवड्यातून चार दिवस ती तोंडं मिटून बसतात. का, तर मी काच पुसली.

एका मित्राने त्याच्या टाकीतला झोएंथिडचा दगड मला दिला. त्या दगडाच्या बगलेला एक तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं, नखाएवढं फूल होतं. लांब बारीक पाकळ्या पाण्यात झुलत होत्या. मी मित्राला फोन केला, "अरे, दगडाबरोबर एक समुद्रफूल फुकट आलंय!" पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग तो म्हणाला, "सॉरी यार."

त्याचं नाव एप्टेशिया. आमच्यात ते रोगासारखं घेतात. "तुझ्याकडे झालाय का?" "हो, मार्चमध्ये झाला." हा प्राणी आपल्या पाकळ्यांनी शेजारच्या प्रवाळाला डंख मारतो, प्रवाळ मागे सरतं, हा पुढे सरकतो. अंगात एकपेशीय शैवाल पाळलेलं, तो तपकिरी रंग त्याचाच. उजेड असला की ते शैवाल याला घरबसल्या शिधा पुरवतं. वर पाण्यातून जे वाहत येईल ते ओरपतो. म्हणजे जेवण घरचं आणि बाहेरचंही. आणि जागा एकदा धरली की सोडायची नाही. पागडीच्या खोलीतला तिसऱ्या पिढीतला भाडेकरूसुद्धा याच्यापुढे पाहुणा वाटावा.

मी पहिल्या दिवशी घरातला जुना टूथब्रश घेतला आणि त्याला खरवडून काढला. अडाणीपणा, दुसरं काय. एप्टेशियाच्या तळव्याचा कणभर तुकडा जरी दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा एप्टेशिया उभा राहतो. खरं तर खरवडायचीही गरज नाही. तो स्वतःच सरकता सरकता तळव्याचे कपटे मागे टाकत जातो आणि प्रत्येक कपट्याचा संसार थाटला जातो. पंधरा दिवसांनी एकाचे नऊ झाले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रक्तबीजच की रे." मग जपमाळ खाली ठेवून म्हणाली, "पण रक्तबीज रक्त सांडलं तरच वाढायचा. एवढं तरी पाळायचा तो."

इथे एक जुनी जखम उघडी करतो. वर्षभरापूर्वी मी क्लाउनफिश माशांच्या जोडीला राहायला म्हणून एक खरंखुरं, उंची, बुडबुड्यांसारख्या टोकांचं समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, आणलं होतं. किती हजारांना, ते या घरात अजून कुणाला माहीत नाही. त्याला मध्यावर, उजेडात, मानाचा दगड दिला. क्लाउनफिशने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाचव्या रात्री ते दगड सोडून चालत निघालं आणि सरळ पंपाच्या जाळीत गेलं. सकाळी पाण्यात त्याची कोशिंबीर तरंगत होती. त्याचे किमान चाळीस तुकडे झाले असतील. एकातूनही काही उगवलं नाही.

तर चुना. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, विझवलेला. त्याची दाट लापशी इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये भरायची, पाण्याचे पंप बंद करायचे, सगळं निवांत झालं की हात खांद्यापर्यंत टाकीत घालायचा. सुईची सावली पडू द्यायची नाही, नाहीतर तो पापणी लवायच्या आत बिळात. अगदी हळू, तोंडावर, पाकळ्यांच्या बरोबर मधे एक थेंब सोडायचा. त्याला वाटतं खाऊ आला. पाकळ्या आत वळतात, लापशी तोंडात ओढून घेतात. क्षणभर काही होत नाही. मग तो आक्रसतो, बिळाच्या तोंडाशी पांढरा ढग उठतो आणि त्यावर आणखी थोडा चुना थापून तोंड बंद करायचं, गवंड्याने भेग बुजवावी तसं. एका दिवसात पाच-सहाच. जास्त केलं तर पाण्याचा पीएच चढतो आणि जे मरायला नकोत ते आधी मरतात.

आजीचं पितळी चुनाळं माळ्यावरून काढलं, त्यात लापशी कालवायला सोपं जातं. बायकोने ते पाहिलं आणि म्हणाली, "आजेसासूबाईंनी यातून चारचौघांना पान खिलवलं. तुम्ही बघा." माझी पहिली फेरी झकास झाली. नवाच्या नऊ जणांना चुना लावला आणि आठवडाभर दगड कोरा होता. दहाव्या दिवशी बारा निघाले. चुना कोणी कोणाला लावला, यावर घरात दोन मतं नव्हती.

यात सर्वांत बोचणारा भाग पाहुण्यांचा. माझे निळे-केशरी झोएंथिड मिटलेले असतात, त्यांची तोंडं म्हणजे भिजलेले हरभरे. पाहुणे टाकीसमोर वाकतात, थेट एप्टेशियावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे किती सुंदर आहे हो! केवढ्याला पडलं?" मावसभाऊ तर त्याच्याबरोबर सेल्फी काढून गेला. प्रवाळांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत हा प्राणी मुद्दाम वाढवतात, कारण प्रवाळ नाजूक आणि हा काटक. २०१५ मध्ये त्याचा अख्खा जनुकीय नकाशाही छापून आला. म्हणजे शिकलेली माणसं पगार घेऊन याला वाढवतात. मी तेच काम फुकट करतोय.

शेवटी पेपरमिंट कोळंबी आणली. अंगावर लाल रेघा, बोटाच्या पेराएवढी, छोटे एप्टेशिया वेचून खाते. दुकानातून तीन आणल्या, सहाशेला एक. बायको पिशवी उजेडात धरून म्हणाली, "सहाशेत मला कोळंबीचे तीन वाटे येतात. सोलून." त्यातल्या एकीच्या पाठीला कुबड होतं आणि डोळे बटबटीत. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "वो भी पेपरमिंटही है साब, दूसरी कंपनी का." ती दुसऱ्या कंपनीची निघाली कॅमल कोळंबी. तिने एप्टेशियाकडे पाहिलंसुद्धा नाही, आठ दिवसांत झोएंथिडची सतरा तोंडं मात्र खाल्ली. मोजली आहेत मी. तिला पकडायला तीन रात्री लागल्या. बाटलीचा सापळा, आत माशाचा तुकडा, आणि लाल कागद लावलेल्या टॉर्चसह मी, जमिनीवर पालथा. मुलगी पाणी प्यायला उठली आणि मला पाहून तशीच परत गेली.

उरलेल्या दोघींनी मात्र नाव राखलं. दिवसा दगडाखाली, रात्री कामावर. महिन्याभरात वरच्या टाकीत एकही एप्टेशिया दिसेना. मी रोज सकाळी चहा घेऊन काचेला नाक लावून तपासायचो. झोएंथिड पूर्ण उघडले, अगदी काच पुसल्यावरसुद्धा. चुनाळं घासून पुन्हा माळ्यावर ठेवलं. त्या शनिवारी पंप साफ करायला म्हणून खालचं कपाट उघडलं, टॉर्च आत मारला.

चारी भिंती, पाइप, पंपाची वायर, सगळीकडे पाकळ्या झुलत होत्या. पन्नास तरी असतील, काही रुपयाएवढे. कोळंबी खाली येऊ शकत नाही आणि वरून गाळ वाहत येतोच आहे. एकेकाची शरीरयष्टी पाहून कळत होतं की हे आजचे नाहीत. मी वरच्या मजल्यावर चुना लावत होतो तेव्हाही ते इथेच होते.

मी टॉर्च विझवला. कपाटाचं दार हळूच लावलं.

"काय रे," आतल्या खोलीतून आई म्हणाली, "संप मिटला का?"

"नाही गं," मी म्हटलं. "चिघळलाय."