माझा बायोडेटा मिळणार नाही

आज तिसरा तास संपवून स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि फोन वाजला. जुन्या कंपनीतले सर. बारा वर्षांपूर्वी मी त्यांच्या हाताखाली होते. म्हणाले, बंदराचं टेंडर निघालंय, पर्यावरणाच्या अटींच्या पूर्ततेसाठी सल्लागार हवाय, तीन वर्षांचं काम आहे. "तुझा खाडीचा अनुभव कागदावर चांगला दिसतो. फक्त बायोडेटा पाठव आणि एक सही कर. तुला यायची गरज नाही."

यायची गरज नाही. म्हणजे तज्ज्ञ म्हणून नाव माझं लागणार, टेंडर तपासताना मार्क त्या नावाला मिळणार, आणि खाडीत उतरणार कुणीतरी पहिल्या नोकरीवरचं पोर, जसं तेव्हा मला उतरवलं होतं. डबा तसाच झाकून ठेवला. चौथ्या तासाला वर्गात काय शिकवलं ते मला आता आठवतही नाही.

घरी आल्यापासून लिहायला बसलेय. जे डोक्यात आहे ते सगळं लिहून टाकते.

बंदराला परवानगी देताना केंद्राचं पर्यावरण मंत्रालय अटी घालतं. उपसलेला गाळ कुठे टाकायचा, तिवरं किती राखायची, पाणी आणि हवा किती वेळा तपासायची. पर्यावरणावरच्या आघाताबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. अट घातली बंदराला, पाळायची बंदराने. पण पाळली की नाही हे लिहितं कोण? बंदरानेच पैसे देऊन नेमलेला सल्लागार. आणि पाण्याचे नमुने घेतं कोण? त्या सल्लागाराने महिन्याच्या पगारावर ठेवलेली पोरं. त्या पोरांतली एक मी होते.

ती सकाळ सांगते. एका सरकारी बंदराचं काम होतं, नाव घेत नाही. नाखवाकाकांची होडी आम्ही दिवसाच्या भाड्यावर घ्यायचो. साठीचे असतील तेव्हा. ओहोटी लागली होती, दोन्ही काठांचा चिखल उघडा पडला होता, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. एका मोठ्या नाल्याच्या तोंडाशी होडी लावली आणि मी बाटली बुडवली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची पद्धत बीएस्सीला सगळ्यांनी केलेली असते. काचेच्या बुचाची बाटली, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कलाइन आयोडाइड, बूच लावून उलटसुलट हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर पांढरा.

माझ्या बाटलीत पांढरा बसला. दुधात लिंबू पिळल्यासारखा पांढराशुभ्र.

मला वाटलं काहीतरी चुकलं. दुसरी बाटली घेतली. तीही पांढरी. नाखवाकाका वल्हं मांडीवर आडवं ठेवून बघत होते. त्यांना म्हटलं, काका, या पाण्यात श्वास नाही. ते म्हणाले, "ते आम्हाला कधीचं म्हाईत हाय. तुझ्या बाटलीला आज कळलं."

बंदराच्या पाण्यासाठी निकष आहे लिटरमागे किमान तीन मिलिग्रॅम. माझ्या हातात शून्य होतं. मी होडीतूनच सरांना फोन लावला.

सर वाईट माणूस नव्हते, हे लिहायला हवं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी न मागता दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला होता. पण त्या दिवशी फोनवर ते एवढंच म्हणाले, "ओहोटीला कशाला घेतलंस? चार तास थांब. भरतीला घे."

आणि मी थांबले. भरतीचं पाणी आत आलं, बाहेरच्या समुद्राचं, हलतं, ताजं. बाटली तपकिरी झाली. अहवालात तीच गेली.

रागाने डोकं फुटायची वेळ येते ती पुढच्या गोष्टीने. यात खोटा आकडा एकही नव्हता! भरतीचा नमुना खरा होता, लॅबचा शिक्का खरा होता, सही खरी होती. कुणी कितीही तपासलं तरी चूक सापडणार नाही. पण ती खाडी दिवसातून दोनदा श्वास कोंडून पडते, हे त्या शंभर पानांत कुठेच नव्हतं. बंदराच्या ऑफिसात अहवालाची पोच मिळाली, बिल पास झालं, पुढच्या वर्षी काम पुन्हा आमच्याच कंपनीला. ज्याच्याकडून बिल घ्यायचं त्याच्याच विरोधात अहवाल लिहायचा आणि वर पुढच्या टेंडरलाही उभं राहायचं, हे कोणाला जमणार आहे?

आणि हे बंदर कुणा शेठचं नाही हो. सरकारी आहे. तुमच्या-माझ्या पैशावर उभं आहे, कुणाच्या तरी शेतावर आणि खाजणावर उभं आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्यानंतर १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. त्याच भागातल्या पारंपरिक मच्छीमारांना भरपाई मागायला हरित लवादाकडे जावं लागलं. २०१५ साली लवादाने १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायला सांगितले. तिवरं गेली, भरतीच्या पाण्याची वाट अडली, मासेमारीच्या जागा गेल्या, हे तिथे मांडलं गेलं ते कोळ्यांनी. ज्यांचं जाळं रिकामं येत होतं त्यांनी. कुठल्याही बंदराच्या सल्लागाराने आपल्याच अहवालात असं लिहिल्याचं मी माझ्या नोकरीच्या तीन वर्षांत पाहिलं नाही.

बाहेरचे तज्ज्ञ लागतात, मान्य. गाळ कुठे साचेल, धक्का वाढवला तर प्रवाह कुठे वळेल, हे कुठल्या एका ऑफिसरला डोळ्यांनी कळणार नाही. पण त्यासाठी खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेली जलसंशोधनाची सरकारी संस्था आहे, जिथे बंदरांच्या प्रतिकृती बांधून पाणी खेळवून बघतात. गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे. त्यांना जरूर विचारा. माझा आक्षेप ज्ञानाला नाही. रोजची राखण सगळ्यात कमी दरवाल्याला देऊन मोकळं होण्याला आहे.

जहाज आत आणायला बंदराला पायलट लागतो. पाण्यातली वाट ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती कुणी जहाज देत नाही, कारण जहाज रुतलं तर कोट्यवधींचं नुकसान. मग त्याच पाण्याचा श्वास ओळखणारं एक तरी माणूस बंदराच्या स्वतःच्या पगारपत्रकावर का नको? दहा वर्षं तोच चिखल तुडवलेलं, कुठल्या नाल्याचा वास कधी बदलतो ते ठाऊक असलेलं? आमचं काम संपलं तेव्हा कंपनीने सामान उचललं, आम्ही पोरं पांगलो. मी कॉलेजात शिकवायला आले, एक जण बँकेत गेला, एक दुबईला. त्या खाडीबद्दल आम्ही जे शिकलो ते आमच्याबरोबर निघून गेलं. बंदराकडे राहिल्या त्या फायली.

२०१० चा ऑगस्ट आठवतो का? ७ तारखेला मुंबईबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं आदळली, चित्रावरचे कंटेनर समुद्रात पडले, काहींत कीटकनाशकं होती, तेल तिवरांत घुसलं. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. आईने कितीतरी दिवस बाजारातून मासे आणले नाहीत. मासेवाल्या मावशी दारात यायच्या, टोपली न उतरवताच परत जायच्या. अशा वेळी सल्लागाराचं कंत्राट कामाला येत नाही. पाणी काल कसं होतं हे सांगणारा माणूस लागतो.

कुणी म्हणेल, आता नियम कडक झालेत, पर्यावरणावरच्या आघाताचे अहवाल करणाऱ्यांना नॅबेट या राष्ट्रीय मंडळाची मान्यता लागते, लॅबलाही मान्यता लागते. हो, लागते. म्हणून तर माझा बायोडेटा हवाय.

आणि बाहेरचाच माणूस हवा असेल तर तो असा हवा, ज्याची नेमणूक बंदराच्या हातात नाही. डहाणूसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये पर्यावरण राखायला प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ साली त्या प्राधिकरणाने डहाणूजवळच्या वाढवणच्या बंदराला नाही म्हटलं, आणि तो नकार टिकला. धर्माधिकारी गेल्यावर, २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने हो म्हटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला भूमिपूजनही झालं, ७६ हजार कोटींहून मोठं काम. ते हो बरोबर की चूक यावर इथे आपल्यातच दोन तट आहेत, तो वाद आज नको. पण नाही म्हणू शकेल असं कुणीतरी एकेकाळी तिथे बसलं होतं. त्याचा पगार बंदराच्या बिलातून निघत नव्हता. मला तेवढंच हवंय. पैसे बंदराकडूनच घ्या, पण ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जमा होऊ देत आणि तपासणारा मंडळाने नेमू दे. नमुने ओहोटीला आणि भरतीला, दोन्ही वेळा घ्या. आकडे मराठीत कोळीवाड्याच्या चावडीवर लावा. तिथल्या बायकांना कुठला आकडा खोटा ते एका नजरेत कळेल.

खूप तावातावाने लिहिलं. चहा करून आले, आता हात जरा शांत आहे. म्हणून जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही तेही लिहिते.

त्या दिवशी माझ्या डायरीत मी पेन्सिलीने लिहिलं होतं: ओहोटी, नाल्याचं तोंड, साका पांढरा, दोनदा. संध्याकाळी ऑफिसात सांगितलं गेलं, डायरी ओली झालीय, फेअर कॉपी कर. मी बसून सुवाच्य अक्षरात केली. त्यात ती ओळ नव्हती. ती ओळ गाळ असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मीच गाळली. तेवीस वर्षांची होते, घरी आई आजारी होती, हे खरं आहे. आणि ओळ गाळली, हेही खरं आहे.

पुढच्या फेरीला नाखवाकाकांनी होडी सोडता सोडता विचारलं होतं, "पोरी, त्या पांढऱ्या बाटल्या कुठं गेल्या गो?" मी म्हटलं, लॅबला गेल्या, काका. त्यांनी मान हलवली. मुलीच्या वयाच्या पोरीने सांगितलं, त्यांनी विश्वास ठेवला. पुढे किती तरी दिवस ते गावात सांगत होते म्हणे, आपल्या खाडीचं पाणी लॅबला गेलंय, आता काहीतरी होईल.

सरांना मघाशी 'नाही' म्हणून कळवलं. ते म्हणाले, "हरकत नाही, दुसऱ्या कुणाचा तरी घेतो."

नाखवाकाका आता होडीवर जात नाहीत, गुडघे गेलेत. मुलगा कंटेनर यार्डात नाइट शिफ्टला असतो. होडी दारात पालथी पडलीय असं कळलं. रविवारी जाणार आहे त्यांच्याकडे. त्या बाटल्या लॅबला गेल्या नव्हत्या, त्या त्यांच्याच होडीतून, त्यांची पाठ होती तेव्हा, मी पाण्यात ओतल्या होत्या, एवढं त्यांना समोर बसून सांगायचं आहे.