काकूंना ट्रॅव्हल कार्ड कशाला?

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांब आहे. कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या मजल्यावर एक काकू राहतात. निवृत्त शिक्षिका, पेन्शन येते, दोन एफडी आहेत, मुलगी बंगळुरूला. आज क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट घेऊन आल्या. त्यात वार्षिक फी ५,००० आणि खाली त्यावरचा जीएसटी ९००. "अगं, तो मुलगा तर फ्री म्हणाला होता." फ्री होतंच की, पहिल्या वर्षापुरतं! पुढच्या वर्षाचं त्याने सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. एफडीच्या नूतनीकरणाला घरी आलेला, चहा-चिवडा खाऊन गेलेला पोरगा आपल्याला कशाला फसवेल, असं त्यांना वाटलं. बँकेचं नाव लिहीत नाही. तसंही कुठल्या बँकेत हे होत नाही?

आणि कार्ड कुठलं दिलंय, तर ट्रॅव्हल कार्ड. एअर माइल्सवालं, म्हणजे खर्चावर विमान तिकिटासाठी वापरायचे पॉइंट देणारं. वर्षातून एकदा बंगळुरूला जाणाऱ्या बाईला.

जरा हिशोबच मांडते. काकूंचा महिन्याचा किराणा, भाजी, औषधं मिळून ९,०००. ऑनलाइन खरेदी २,००० च्या आसपास. वीज, गॅस, मोबाइल, सोसायटीचा मेंटेनन्स ५,०००. स्कूटरचं पेट्रोल १,०००. वर्षातून एकदा मेडिक्लेमचे ४२,०००. सगळं याच कार्डावर टाकायला त्या पोराने सांगितलं होतं, "माइल्स जमतील". आता त्या कार्डाच्या अटी वाचा: वीज-गॅसची बिलं, पेट्रोल, विमा, वॉलेट भरणं, भाडं, ईएमआयवर घेतलेली वस्तू, कशावरच माइल्स नाहीत. मेंटेनन्सही ॲपवरून भरला की बहुतेक त्याच यादीत जातो. उरले किराणा आणि ऑनलाइन. वर्षाचे १,३२,०००. दर शंभराला २ माइल्स म्हणजे २,६४०. एका माइलचा एक रुपया धरला, तोही उदार मनाने, तरी २,६४० रुपये. फी गेली ५,९००. काकू ३,२६० रुपयांनी खड्ड्यात. विमान तिकिटावर शंभराला ५ माइल्स आहेत हे खरं, पण काकूंचं तिकीट मुलगी काढते, स्वतःच्या कार्डावर!

याच खर्चाला आयुष्यभर मोफत असलेलं साधं कॅशबॅक कार्ड लावून बघा. उदाहरण म्हणून ॲमेझॉन पे आयसीआयसीआय. फी शून्य, ॲमेझॉनवर प्राइम असेल तर ५ टक्के, नसेल तर ३, बाहेर बहुतेक ठिकाणी १ टक्का. काकूंकडे प्राइम नाही. ऑनलाइनची सगळी खरेदी ॲमेझॉनवर धरली तर २४,००० वर ७२०, बाकीच्या १,०८,००० वर १,०८०. एकूण १,८००. कमी वाटतात ना? पण उणे ३,२६० आणि अधिक १,८०० यांत पाच हजारांहून जास्त फरक पडतो.

हा हिशोब करायला पाच मिनिटं लागतात. तो बँकेने करायचा नसतो, कारण बँकेला तो सोयीचा नसतो.

आता रिवॉर्ड पॉइंट्सची खरी गंमत. पॉइंट किती मिळतात यावरून कार्डं निवडू नका. पॉइंट कुठे वापरला तर किती पैशांचा, ते बघा. दर १५० रुपयांना ४ पॉइंट देणारं कार्ड धरा. पॉइंट विमान-हॉटेलला वापरला तर ५० पैसे आणि बिलात वळवला तर २० पैसे. म्हणजे पहिल्या वाटेने १.३३ टक्के, दुसऱ्या वाटेने ०.५३. कार्ड तेच, खर्च तोच, मोबदला निम्म्याहून कमी. बरं, "दर १५०" याचा अर्थ पूर्ण १५०. अनेक कार्डांवर २९० रुपयांच्या भाजीला एकच टप्पा मिळतो, वरचे १४० हवेत. आणि मिक्सर, सुटकेस, गिफ्ट व्हाउचर असल्या कॅटलॉगमधून काही मागवलं की अनेक बँका ९९ रुपये अधिक जीएसटी रिडेम्प्शन फी, म्हणजे पॉइंट वापरण्याचीच फी, लावतात. काकूंनी गेल्या वर्षी त्या कॅटलॉगमधून एक फ्लास्क मागवला होता. फी आणि माइल्स धरून तो दुकानापेक्षा महाग पडला.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. बँकेला तुम्ही काय घेतलं ते दिसत नाही, दुकानदाराचा चार आकडी एमसीसी दिसतो, म्हणजे धंदा कुठल्या प्रकारचा ते सांगणारा कोड. सुपरमार्केट ५४११, विमान कंपनी ४५११, ट्रॅव्हल एजन्सी ४७२२, विमा ६३००. "विमान तिकिटावर पाचपट" असं लिहिलेलं असतं आणि तुम्ही स्वस्त पडतं म्हणून तिकीट ट्रॅव्हल साइटवरून काढता. कोड लागतो ४७२२ आणि पाचपट गायब. कस्टमर केअरशी वाद घालून उपयोग नाही, अटींत "थेट विमान कंपनीकडून" हे शब्द असतात. तसंच गल्लीतल्या किराणावाल्याच्या मशीनला भलताच कोड लागलेला असतो, त्यालाही ते ठाऊक नसतं. पाचपट पॉइंटांच्या भरवशावर कार्ड घेतलंय तर पहिल्या महिन्यात छोटा व्यवहार करून पॉइंट नीट पडतात का ते तपासा, मग मोठी रक्कम टाका.

लाउंज, म्हणजे विमानतळावरचा आरामकक्ष! लाउंजबद्दल बोलायलाच हवं, कारण काकूंना कार्ड विकताना तो पोरगा सगळ्यात जास्त लाउंजबद्दलच बोलला होता. "विमानतळावर फुकट जेवण, आंटी." आता यातलं बरंचसं मागच्या तिमाहीतल्या खर्चाला बांधलंय. आयसीआयसीआयने आधी तिमाहीला ३५,००० ची अट आणली आणि १५ नोव्हेंबर २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर ती ७५,००० केली. म्हणजे दर तिमाहीला सोय हवी तर वर्षाला तीन लाख. ॲक्सिसने मे २०२४ पासून अनेक कार्डांवर आधीच्या तीन महिन्यांत ५०,००० मागितले. एचडीएफसीच्या रेगालिया कार्डाला डिसेंबर २०२३ पासून तिमाहीला एक लाख. आत मिळणार काय, तर उपमा, कोमट सांबार आणि खुर्ची मिळाली तर खुर्ची. सोबतच्या माणसाचे पैसे बहुतेकदा वेगळे. काकूंनी बंगळुरूच्या परतीला कार्ड दाखवलं आणि काउंटरवरच्या मुलीने "मॅम, नॉट एलिजिबल" म्हणून परत पाठवलं. हे आज त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मलाच कसंसं झालं.

हो, मान्य. ज्यांचे वर्षाला आठ-दहा लाख कार्डावरून जातात, विमानाने सतत फिरणं होतं, माइल्स विमान कंपनीकडे वळवून बिझनेस क्लासची जागा पकडायचं कसब आहे, त्यांना ट्रॅव्हल कार्डासारखा मोबदला दुसरं कुठलंच कार्ड देत नाही. अशी माणसं माझ्या मित्रयादीतही आहेत आणि आता ती मला कमेंटमध्ये शिकवायला येणार. या, जरूर या.

पण त्यांनाही विचारा २०२३ मध्ये मॅग्नसचं काय झालं ते. ॲक्सिसचं हे कार्ड महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० पॉइंट बोनस द्यायचं आणि ५ पॉइंटांचे ४ माइल्स व्हायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून बोनस बंद, साध्या मॅग्नसवर ५ चे ४ ऐवजी २, आणि फी १०,००० वरून १२,५००. जमवलेल्या २५,००० पॉइंटांचे २०,००० माइल्स होणार होते, ते एका परिपत्रकाने १०,००० झाले. सगळं कायदेशीर, सूचना देऊन. पॉइंटची किंमत बँक ठरवते आणि तीच बदलते. म्हणून पॉइंट साठवून ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्यावर व्याज मिळत नाही, उलट झीज होते. वर्षभरात वापरायची ठोस योजना असेल तरच जमवा.

विमान कंपनीच्या नावाचं कार्ड तर आणखी धोक्याचं, कारण कंपनीच गेली तर? जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाची कार्डं घेऊन वर्षाला तिकिटं मिळवणाऱ्यांचं गणित मोडलं. ही उदाहरणं काही जुनी नाहीत.

परदेश प्रवासाला मात्र कार्ड विचार करून निवडाच, आणि तिथे माइल्सपेक्षा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा टक्केवारी, आधी बघा. बहुतेक कार्डांचा तो ३.५ टक्के, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३. लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. महागड्या कार्डांवर मार्कअप २ टक्के असतो, म्हणजे २,३६०. शून्य मार्कअपचीही कार्डं आहेत. तुमचं ट्रॅव्हल कार्ड परदेशात शंभराला दोन रुपयांचे माइल्स देत असेल आणि चार रुपये तेरा पैसे कापत असेल, तर नाव ट्रॅव्हल असून काय उपयोग? आणि दुबईच्या मॉलमध्ये मशीनने "रुपयांत की दिरहममध्ये" असं विचारलं तर दिरहम. नेहमी तिथलं चलन. रुपये निवडले की दुकानदाराकडचा यंत्रवाला चलन बदलायचा स्वतःचा दर लावतो, आणि काही बँका त्यावरही वेगळी फी घेतात.

या सगळ्याच्या आधीची गोष्ट, आणि इथे मी कुणाचंच ऐकणार नाही: बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल तर वरचं सगळं विसरा. व्याज बऱ्याच बँकांत महिन्याला ३.७५ टक्के. लाखाची थकबाकी महिनाभर राहिली तर ३,७५० व्याज, त्यावर ६७५ जीएसटी, एकूण ४,४२५. एका लाखाच्या खर्चावर पॉइंट मिळतात हजार-दोन हजारांचे. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ४५-५० दिवसांची सवलत उरत नाही. "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, तेवढीच भरणं म्हणजे बिल भरणं नव्हे. हे मला काकूंना सांगावं लागलं नाही, त्या पै-पै भरतात. म्हणूनच त्यांना कुणी धमकावत नाही, फक्त फी लावतात.

बरं, आता काय करायचं ते. फी लागली म्हणून तोंड पाडून बसू नका. आधी कस्टमर केअरला फोन करून स्पष्ट म्हणा, "कार्ड बंद करायचंय." "फी माफ करा" असं सुरुवातीला म्हणूच नका. बंद म्हटल्यावर फोन रिटेन्शनच्या, म्हणजे ग्राहक टिकवायचं काम असलेल्या, माणसाकडे जातो. तो फी परत द्यायला तयार होतो, किंवा अमुक खर्च करा मग माफ म्हणतो. दुसरं कबूल करू नका, तो खर्च तुम्ही नाहीतरी करणारच असाल तरच करा. बंदच करायचं असेल तर आधी पॉइंट वापरून टाका, बंद झाल्यावर ते बहुतेकदा बुडतात. कार्डावर चालू असलेले ऑटोपे दुसरीकडे न्या, बाकी शून्य करा, मग ईमेलने अर्ज पाठवा. पोस्टाने पाठवा असा हट्ट बँकेला धरता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांपासून नियम आहे की बाकी नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाही केलं तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा. ३० दिवसांत तक्रारीला धड उत्तर नाही मिळालं तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे, फुकट. आणि "फ्री" म्हणून विकलेल्या कार्डावर छुपी फी लावता येत नाही, हेही त्याच निर्देशांत आहे. "आयुष्यभर फ्री" असं कुणी बोललं तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहून देत नसेल तर कळलंच.

त्या पोराचा मला आता तेवढा राग नाही. महिन्याला अमुक कार्डं खपली नाहीत तर त्याचं काय होतं, मला माहीत आहे. साहेबाने सांगितलं एफडीवाल्यांना गाठ, त्याने गाठलं. पण कुठलं कार्ड कुणाला द्यायचं हे ठरवणारी जी माणसं वातानुकूलित केबिनमध्ये बसतात, त्यांच्यापुढे काकूंचा अख्खा वर्षाचा खर्च ओळीने मांडलेला असतो, कोडसकट. कोण विमानाने फिरतं आणि कोण फिरत नाही, त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं.

कमेंटमध्ये "मी कुठलं कार्ड घेऊ" विचारणार असाल तर चार आकडे लिहा: किराणा-औषधं किती, ऑनलाइन किती, विमान वर्षातून किती वेळा आणि ते कुणाच्या पैशाने, परदेशात खर्च किती. पगार नको. कार्डाचा नंबर तर मुळीच नको, मागच्या वेळी एकाने तोही टाकला होता.